आमच्या शालूला सगळं ऐकू येतं

माझा डावा कान मी पाच वर्षांची असताना एका तापात गेला, आणि उजवा त्याच्या मागोमाग सावकाश निघाला. आधी कान फुटला, मग वाहू लागला. लसूण कढवलेलं तेल झालं, तुळशीचा रस झाला, रेल्वेच्या दवाखान्यातले थेंब झाले, आणि मग एके दिवशी आईने शेजारणीला सांगितलं, "बरा झाला बाई एकदाचा." तो बरा झाला नव्हता. पण आईने चारचौघांत सांगितलं की आमच्या घरी ती गोष्ट झालेली असायची. त्या दिवसापासून मी बरी होते, आणि बरी दिसत राहणं हे माझं काम होतं. ते मी पुढे कितीतरी वर्षं केलं. इतकं चांगलं केलं, की त्यापायी जे घडलं ते लिहायला मला सत्तरी ओलांडावी लागली.

आप्पा, म्हणजे माझे वडील, मालगाडीवर गार्ड होते. लोणावळ्याला रेल्वेच्या क्वार्टरांची रांग होती, त्यातली शेवटची आमची. दोन खोल्या, मागे पडवी, पडवीच्या पलीकडे रूळ. घाट चढून आलेल्या गाडीला मागून रेटा देणारं इंजिन लोणावळ्याला सोडत, तेव्हा बसणारा दणका मला कानांपेक्षा तळपायांनी जास्त कळायचा. आधी फडताळातल्या कपबश्या कापायच्या, मग फरशी, मग मी. घरातले आवाज लिहायला म्हणून आज बसले आणि लक्षात आलं, की त्यातले निम्मे मी ऐकलेच नाहीत, पाहिले आहेत. मोहरी उडताना दिसली की माझ्यासाठी फोडणी तडतडायची. आईच्या बांगड्या मनगटावरून कोपराकडे सरकल्या की वाजायच्या. विमलअक्का, माझी थोरली बहीण, गाणं म्हणत केर काढायची. गाणं कुठलं ते मला ठाऊक नाही, पण तिच्या मानेची शीर हलायची आणि मी त्या ठेक्यावर भांडी पुसायची.

आई औंढ्याची. शेतकऱ्याच्या घरातली, चौथीपर्यंत शिकलेली, दिसायला नीटस आणि भारी जिद्दीची. लग्न होऊन क्वार्टरमध्ये आली तेव्हा शेजारच्या बायका तिच्या बोलण्याला हसल्या असाव्यात, कारण तिने ते बोलणं टाकूनच दिलं. 'न्हाई'चं 'नाही' केलं, 'हितं'चं 'इथे' केलं, आणि आमच्या तोंडून चुकून एखादा औंढ्याचा शब्द निघाला तर पाठीत धपाटा बसायचा. भाकरी ती सकाळी पडवीचं दार लोटून थापायची. शाळेच्या डब्यात मात्र चपाती. आंबेमोहोराच्या भाताची पेज काढून तिची खळ आमच्या कपड्यांना द्यायची, त्यामुळे माझ्या परकराची घडी संध्याकाळपर्यंत मोडत नसे आणि अंगाला दिवसभर भाताचा वास यायचा. दोन घट्ट वेण्या, वर दुमडून बांधलेल्या, आणि कानांवर पांढऱ्या रिबिनीची ही मोठाली फुलं. त्या फुलाखाली डाव्या कानात अत्तराचा कापूस असे, कारण कान वाहिला की त्याला घाण वास यायचा. "मुलींना किती टापटीप ठेवता हो तुम्ही," बायका म्हणायच्या. आई नुसती हसायची. त्या हसण्यासाठी ती पहाटेपासून राबलेली असायची.

तिला एवढी धास्ती कशाची होती ते औंढ्याला गेलं की कळे. तिचा धाकटा भाऊ, तुकामामा, जन्मापासून मुका आणि बहिरा होता. गोठ्यातलं सगळं तो बघायचा आणि जेवायला ओसरीवर एकटा बसायचा. त्याच्यापायी आईची दोन स्थळं मोडली होती. 'रक्तातच आहे' असं लोक म्हणाले होते. आता घरात लग्नाला आलेली विमलअक्का होती. माझा कान दुखण्याने गेला होता, त्यात रक्ताचा काही संबंध नव्हता, पण हे लोकांना समजावत कोण बसणार, आणि समजावलं तरी ऐकणार कोण?

म्हणून रोज शाळेतून आले, हातपाय धुतले, की माझी परीक्षा व्हायची. मी फडताळाकडे तोंड करून उभी राहायची. आई मागे. ती काहीतरी पाडायची किंवा वाजवायची. कधी पळी, कधी वाटी, कधी काड्यापेटी. मी वळले तर ठीक. नाही वळले तर दंडाला चिमटा, पोलक्याची बाही जिथे झाकते नेमका तिथे. काड्यापेटी मला कधीच ऐकू आली नाही. मग ती मागूनच सांगायची, 'मीठ आण', 'दार लाव', आणि मी ते करायचं. "ऐकू येतं तुला," ती मला समोर वळवून म्हणायची, "लक्ष नसतं तुझं." लोकांनाही ती हेच सांगे. "आमच्या शालूला सगळं ऐकू येतं, नुसतं लक्ष नसतं." मुलगी घुमी म्हटलेली चालत होती, शिष्ट म्हटलेली चालत होती, आईबापांनी डोक्यावर बसवून ठेवली आहे असं म्हटलेलंही चालत होतं.

आई गेली तेव्हा तेराव्याला विमलअक्काने मला एक गोष्ट सांगितली. मी वळत नसे तेव्हा आई कधी कधी मागेच उभी राहून माझ्या पाठीशी बोलत राहायची. "त्या तापात मेली असतीस तर सुटले असते," असं. आवाज न चढवता, भाजी निवडताना बोलावं तसं. अक्का तिथेच असायची. "तुला ऐकू येत नव्हतं तेच बरं," अक्का म्हणाली. मला राग आला तो आईचा नाही, अक्काचा आला. इतकी वर्षं जपून ठेवलं होतं, तर आणखी थोडी ठेवायला तिला काय झालं होतं?

गंमत अशी, की कमी तर आप्पांनाही ऐकू यायचं. इतकी वर्षं इंजिनांच्या आणि ब्रेकच्या आवाजात काढलेला माणूस, तो घरात ओरडूनच बोलायचा आणि दोनदा विचारायचा. त्यांना कुणी फडताळाकडे तोंड करून उभं केलं नाही. पुरुषाला कमी ऐकू येणं हा नोकरीचा भाग होता.

मुलींच्या शाळेत मी आठवीत होते. पहिला बाक, भिंतीकडची जागा, डावा कान भिंतीला. ती जागा मला हुशार म्हणून मिळाली होती, आणि हुशार मी भीतीने झाले होते. बाई उद्या जे शिकवणार ते मी आज पाठ करून जायची, म्हणजे त्यांच्या ओठांवरचा अर्धा शब्द दिसला तरी उरलेला मला आधीच माहीत असे. पहिला नंबर, स्वच्छ वह्या, वळणदार अक्षर. दिवस संपला की मान आणि डोळे ठणकायचे. फक्त पावसाळ्यात सुख असे. लोणावळ्याचा पाऊस ज्यांनी अनुभवला आहे त्यांना पत्र्याच्या शाळेत काय गर्जना चालते ते सांगायला नको. बाईंचा आवाज दुसऱ्या बाकाच्या पलीकडे जात नसे. सगळ्या मुली कपाळाला आठ्या घालून त्यांच्या तोंडाकडे बघत बसायच्या. सगळा वर्ग बहिरा, आणि त्यात सराईत तेवढी मी.

अशाच एका दिवशी हौसाने मला ओळखलं.

हौसा शेवटच्या बाकावर एकटी बसायची. तिची वाडी वर डोंगरात होती. बाप खंडाळ्याच्या एका बंगल्यावर माळी, शाळेसाठी ती त्याच्यापाशीच राहायची, आणि बंगल्याच्या मालकिणीने कौतुकाने तिचं नाव शाळेत घातलेलं. आमच्याहून दोनेक वर्षांनी मोठी, उंच, अंगात बंगल्यातल्या कुणाचा तरी जुना फ्रॉक, खाली वेगळ्या कापडाची पट्टी जोडून लांब केलेला. गोवर येऊन गेल्यापासून तिला फार कमी ऐकू यायचं. पण मास्तरणींना ती नुसती मठ्ठ वाटे, आणि डोंगरावरची म्हटल्यावर त्यांना त्यात नवल वाटत नसे. त्या दिवशी मधल्या सुट्टीत ती व्हरांड्यात माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"तू बी बघूनच ऐकतीस नव्हं?" ती म्हणाली.

"काय?"

"मला ठावं हाय. तू नुसती व्हटाकडं बघतीस. गळ्याकडं बी बघ. मानूस बोलाय लागायच्या आदी गळा हालतो."

"मला सगळं ऐकू येतं," मी म्हणाले.

"मला बी," असं म्हणून ती खळखळून हसली.

तो पावसाळा माझ्या लहानपणातला सगळ्यात चांगला. शाळेच्या मागे सरपण ठेवायची एक शेड होती, तिथे आम्ही दोघी मधली सुट्टी काढायचो. तिच्या फडक्यात नाचणीची भाकरी आणि सुकटाची चटणी, माझ्या डब्यात चपाती आणि बटाटा. आम्ही डबे बदलायचो. भाकरी मी घरी दाराआड खायची तीच होती, पण उघड्यावर, पावसाकडे बघत खाल्लेल्या भाकरीची चव वेगळी लागते. आवाज न काढता नुसत्या ओठांनी आम्ही तासभर बोलू शकायचो. दुसऱ्याचं बोलणं बघताना हौसाचे स्वतःचे ओठही किंचित हलायचे, तो तिचा चाळाच होता. आणि तिने मला पायाने ऐकायला शिकवलं. "चप्पल काड," ती म्हणायची, "तळवा आख्खा टेक. मागनं कोन आलं तर फरशी सांगती. कायबी पडलं तर फरशी सांगती." आठ दिवसांत मला ते जमलं. घरच्या परीक्षेत पळी, वाटी, सगळं कळू लागलं. काड्यापेटी सोडून. एकदा बाही वर सरकली आणि हौसाला माझ्या दंडावरचे काळेनिळे डाग दिसले. ओढणीसारखं एक फडकं ती डोक्यावर घ्यायची, ते पागोळीखाली भिजवलं आणि दंडाला बांधून दिलं.

मी तिला एक अट घातली होती, हेही लिहिलं पाहिजे. "वर्गात माझ्याशी बोलायचं नाही. माझ्याकडे बघून हसायचंसुद्धा नाही." ती "बरं" म्हणाली आणि तिने ते पाळलं.

श्रावणात विमलअक्काला स्थळ आलं. मुलगा पुण्याला कारखान्यात नोकरीला होता आणि आम्हाला मराठी शिकवणाऱ्या जगतापबाईंचा सख्खा भाचा होता. बाई एका रविवारी आमच्याकडे चहाला आल्या. आईने आदल्या दिवशी भिंतींना चुन्याचा हात फिरवला होता, चादरी धुतल्या होत्या, शंकरपाळे तळले होते. अक्काने चहा आणला, बाईंनी तिला चार प्रश्न विचारले, आणि मग त्यांची नजर माझ्याकडे वळली.

"मुलगी हुशार आहे तुमची," बाई म्हणाल्या. "पण वर्गात जरा वेगळीच वाटते. हाक मारली तर कधी ओ देते, कधी नाही."

"लक्ष नसतं हो," आई म्हणाली. "तिला ऐकू सगळं येतं."

"ऐकू येत नाही असं कुठे म्हणाले मी?" बाईंनी बशीत चहा ओतला. "तुमच्या माहेरी कोणी आहे म्हणे, मुका?"

"दूरचे आहेत कोणीतरी," आई म्हणाली.

बाई गेल्या. आईने दार लावून घेतलं, माझी हनुवटी धरली आणि आपल्या तोंडासमोर आणली. एरवी जिने औंढ्याचा शब्द आम्हाला बोलू दिला नाही, तिच्या तोंडून त्या दिवशी सगळं औंढं बाहेर पडलं. "माजी विमल तुज्यापायी घरात बसली ना, तर तुला जित्ती ठिवनार न्हाई मी. समाजलं?" अक्का कपबश्या गोळा करत होती. तिने मान वर केली नाही.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी उघडीप पडली. पत्रे गप्प झाले. जगतापबाईंनी शुद्धलेखन घेतलं. एरवी त्या फळ्यापाशी उभ्या राहून सांगायच्या, त्या दिवशी सांगत सांगत मागे निघून गेल्या. त्यांनी ते मुद्दाम केलं असं मला आजही वाटतं. मी शेजारणीच्या वहीत बघून लिहू लागले, तर तिने हात आडवा धरला. माझ्या दोन ओळी कोऱ्या राहिल्या. मग सगळ्या मुली माझ्याकडे बघताना दिसल्या आणि बाई चालत पुढे आल्या.

"शालिनी, मी तुला तीनदा हाक मारली."

"माझं लक्ष नव्हतं, बाई."

"लक्ष नव्हतं, की ऐकू आलं नाही?"

मी उत्तर जुळवत होते, तेवढ्यात मुलींच्या माना मागे वळल्या. मीही वळले. शेवटच्या बाकावर हौसा उभी होती. तिचे ओठ मला पाठ होते, एक शब्द चुकला नाही.

"बाई, तिला मागनं न्हाई ऐकू येत. डाव्या अंगाला तर कायच न्हाई. म्होरं हुबं ऱ्हाऊन बोला, मंग तिला समदं येतं. लय हुशार हाय ती."

ती मला वाचवत होती. मला बाई ओरडणार असं तिला वाटलं आणि तिने खरं ते सांगितलं. घरात विमलअक्का आहे, बाईंचा भाचा आहे, यातलं मी तिला काहीच सांगितलं नव्हतं. मी हसले. कसं हसावं ते मला आईने शिकवलं होतं.

"बाई, तीच बहिरी आहे," मी म्हणाले. "म्हणून तिला सगळे तसेच वाटतात. बघा हवं तर."

बाईंनी हौसाला पुढे बोलावलं, फळ्याकडे तोंड करून उभं केलं आणि मागे डस्टर टाकलं. हौसा वळली. अनवाणी होती ती. मुली हसल्या. बाई माझ्याकडे बघू लागल्या. "हिला तर येतंय की ऐकू," त्या म्हणाल्या. आता खोटी मी पडणार होते. पुढचं वाक्य माझ्या तोंडून कसं निघालं हे मी स्वतःला खूपदा विचारलं आहे. नकळत निघालं असं म्हणायची सोय नाही. मी नीट विचार करून ते बोलले.

"बाई, ती पायाने ऐकते. तिला दारातल्या गोणपाटावर उभी करा."

पावसाळ्यात चिखलाचे पाय पुसायला दारात दोन-तीन गोणपाटं एकावर एक टाकलेली असत. मी हे बोलले तेव्हा माझं तोंड हौसाकडे होतं. तिला ते कळलं. तिच्या चेहऱ्यावर राग आला नाही. एखादा हिशेब चुकल्यावर ती फळ्याकडे जशी बघायची, तशी माझ्याकडे बघत राहिली. मग कुणी ढकलायच्या आधी स्वतःच चालत गेली आणि गोणपाटावर बाहेर तोंड करून उभी राहिली.

डस्टर पडलं. ती हलली नाही. बाईंनी टेबलावर छडी आपटली. ती हलली नाही. मग मुलींना चेव आला. एकीने कंपासपेटी आपटली, दुसरी तिच्या पाठीमागे जाऊन कुत्र्यासारखी भुंकली, तिसरीने जीभ काढून वेडावलं. सगळा वर्ग डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होता. बाई "पुरे गं, पुरे" म्हणत होत्या आणि स्वतः हसत होत्या. मी बाकावर बसून राहिले असते तरी भागलं असतं. माझं काम झालं होतं. पण मी उठले, तिच्या अगदी मागे जाऊन उभी राहिले आणि मोठ्याने म्हणाले, "ए बहिरे, तुझा बाप मेला." तिच्या केसांना लाकडाच्या धुराचा वास येत होता. तिची मान ताठ होती. ती समोरच्या डोंगराकडे बघत होती. वर्ग खिदळला, आणि खरं सांगायचं तर मला त्या क्षणी फार हलकं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा फडताळाकडे तोंड करून दुसरं कोणीतरी उभं होतं.

"आता तू ये, शालिनी," बाई म्हणाल्या.

हौसा बाजूला होऊन व्हरांड्यात गेली. मी गोणपाटावर उभी राहिले. पायाखाली मऊ, मुकं. मागे वर्ग, समोर हौसा, तोंड माझ्याकडे, नजर माझ्या खांद्यावरून आत. पळून जायचं तर तिला तेव्हाच जाता आलं असतं, पण ती तिथेच थांबली. एकाएकी तिची नजर झपकन खाली गेली. डस्टर पडलं असणार. मी वळले. पडलं होतं. पुन्हा उभी राहिले. तिच्या पापण्या मिटल्या. छडी. मी वळले. तिसऱ्यांदा बराच वेळ काही झालं नाही, आणि मग हौसाचे ओठ किंचित हलले. शा-लि-नी.

"काय, बाई?" मी वळून म्हणाले.

"काही नाही. बस जागेवर."

दुसऱ्याचं बोलणं बघताना तिचे ओठ हलायचेच, असं मी वर लिहिलं आहे. त्या दिवशी ते सवयीने हलले, की तिने हलवले, हे मला कधी कळलं नाही. मी वळून पुन्हा दाराकडे पाहिलं तेव्हा व्हरांड्यात कोणी नव्हतं. तिचं दप्तर शेवटच्या बाकाखाली तसंच होतं. शिपाईणीने ते दोन दिवसांनी उचलून नेलं.

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं. घाबरून नाही, तर पहिला नंबर आल्यावर सांगावं तसं. आईने हातातलं काम ठेवलं. एकेक गोष्ट दोनदा विचारली. बाई शेवटी काय म्हणाल्या, कशा म्हणाल्या. मग तिने तव्यावरची गरम चपाती घेतली, तिच्यावर तूप आणि साखर पसरली, गुंडाळी केली आणि माझ्या तोंडात घातली. "शानी गं माजी बाय," ती म्हणाली. तिचं ते टाकून दिलेलं बोलणं मायेने बोललेलं मी त्याच दिवशी पहिल्यांदा पाहिलं. त्या दिवशी परीक्षा झाली नाही. मी ती चपाती खाल्ली, आवडीने खाल्ली आणि दुसरी मागितली. विमलअक्का पडवीच्या दारात उभी होती. "माझ्यासाठी केलंस असं कधी म्हणू नकोस," एवढंच ती म्हणाली, आणि तेही मी तिच्याकडे बघत होते म्हणून मला कळलं.

मार्गशीर्षात अक्काचं लग्न झालं. तुकामामाला गुरं बघायला म्हणून औंढ्यालाच ठेवलं होतं. जगतापबाई आहेराच्या साडीत मिरवत होत्या आणि पाहुण्यांना माझी ओळख करून देत होत्या, "ही नवरीची धाकटी बहीण. फार तिखट कानाची आहे हो." मी सगळ्यांच्या पाया पडत होते.

लग्नानंतर चार दिवसांनी बुंदीचे लाडू कागदात बांधून मी खंडाळ्याला चालत गेले. कशासाठी, ते मला धड सांगता येणार नाही. माफी मागायला गेले होते असं लिहिलं तर ते वाचायला बरं दिसेल. मला वाटतं, शेडमध्ये एकटीने डबा खायचा मला कंटाळा आला होता. बंगल्याच्या फाटकाशी एक वाळका माणूस मेंदीचं कुंपण कापत होता. हौसाचाच बाप, कपाळावरून कळत होतं. मी नाव सांगितलं तसा त्याने कातर खाली ठेवली आणि धोतराला हात पुसले.

"तुमी शालूताई व्हय! हौसा लय नाव घ्यायची तुमचं. येकच मैतरीन मिळाली म्हनायची."

"हौसा कुठे आहे?"

"वाडीला, आजीपाशी. शाळंनं चिठ्ठी धाडली बाईसायबांस्नी, पोरगी बहिरी हाय, शिकवून उपेग न्हाई म्हनून. मंग कशाला ठिवतील?" तो सावकाश, तोंड समोर ठेवून बोलत होता. मुलीशी बोलून बोलून लागलेली सवय असणार. "कुन्या पोरीनं तिला समद्यांम्होरं हुबं केलं म्हनं. लय खिदळल्या तिला. मी इचारलं, कोन ती, नाव सांग. न्हाई सांगितलं. लय मारलं मी, काठी मोडली, तरी न्हाई सांगितलं तिनं." त्याने खाली पडलेली एक फांदी पायाने बाजूला सारली. "तुमाला ठावं आसंल, ताई. कोन व्हती ती?"

रस्त्यावरून एक मोटार गेली, तिचा धुरळा आमच्यावर आला. तेवढा वेळ मला मिळाला होता.

"मी त्या दिवशी शाळेत नव्हते," मी म्हणाले.

त्याने मान हलवली, बऱ्याच दिवसांचं कोडं सुटल्यासारखी. "तरीच," तो म्हणाला. "तुमी आसता तर आसं झालंच नसतं." मग त्याने लाडवांचा पुडा दोन्ही हातांत घेतला, कपाळाला लावला आणि म्हणाला, "उद्या मानूस जातुया वाडीला. लाडू धाडतो. तुमी सोता आलता म्हनून सांगतो तिला. लय बरं वाटंल पोरीला."

"सांगा," मी म्हणाले.